उजव्या बाहीचा दोरा

त्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्या विद्यार्थ्याची पहिली परीक्षा पुस्तकातली नसते. बाई त्याला ॲप्रन घेऊन खिडकीपाशी बोलावतात, शिवणीतून दोऱ्याचं टोक ओढायला लावतात आणि काडीने ते जाळायला सांगतात. राख झाली तर जागेवर बसायचं. टोकाशी काळा टणक मणी झाला तर घरी जायचं, ॲप्रन उसवायचा, सुती दोऱ्याने हाताने पुन्हा शिवायचा आणि मगच तोंड दाखवायचं. पोरं हसतात. कापड सुती आहे ना, मग दोऱ्याचं एवढं काय, असं त्यांना वाटतं. पाठीमागे तिला दोराबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. तिचं वय तरी काय, बत्तीस. पण चेहरा बघितला तर हिच्याशी थट्टा करायची नाही, हे लहान मूलही ओळखेल.

नावं पडायची तिला लहानपणापासून सवय होती. घरी आणि गावात तिला मोजणी म्हणायचे. दिसेल ते मोजायची म्हणून. पायऱ्या, बगळे, आईच्या शिलाई मशीनच्या चाकाचे फेरे, पाहुण्याने किती वेळा नाक शिंकरलं तेसुद्धा, आणि तेही पाहुण्यासमोर मोठ्यांदा. हे खूळ तिला बापाने लावलं. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये वाळूचा लांब पट्टा होता आणि पट्ट्याच्या आत उथळ खारं पाणी अडून राहिलेलं होतं. शाळेच्या पुस्तकात त्याला खारकच्छ म्हणतात. गावात नुसतं 'आतलं पाणी' म्हणायचे. ओहोटीला त्या पाण्यात गुडघाभर चिखलात उतरायचं, पायाच्या बोटांनी चाचपायचं आणि वाकून शिंपल्या काढायच्या, हा चाळीस घरांचा धंदा. बाबा पाच-पाच शिंपल्यांची मूठ भरायचे, मूठ कमरेच्या पोत्यात टाकायचे आणि अंगठा बोटाच्या पेरावर एक घर पुढे सरकवायचे. चार बोटांची बारा पेरं झाली की साठ. कागद नाही, पेन्सिल नाही, आणि चूक कधी नाही. ती काठावर बसून तसंच करायची. पाच वर्षांची असताना तिला पाचाचा पाढा यायचा, आणि तो कुणी शिकवलाय हे तिला माहीतच नव्हतं.

आई घरात शिवायची. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाची विजार आखूड कर, कुणाची कंबर सैल कर. बाप दिवसभर वाकलेला पाण्यात आणि आई दिवसभर वाकलेली मशीनवर, आणि दोघांचं एकच म्हणणं, पोरीने ताठ बसून काम करावं. पोरगी शिकली. गावातली पहिली मुलगी, जी शहरात जाऊन पर्यावरणाचं शास्त्र शिकली आणि पुढे संशोधनाला लागली. विषय कोणता घ्यायचा असं मार्गदर्शक सरांनी विचारलं तेव्हा तिने क्षणभरही विचार केला नाही. आतल्या पाण्यात प्लास्टिकचे बारीक कण आणि तंतू किती आहेत, डोळ्यांना न दिसणारे, शिंपल्यांच्या पोटात जाणारे, ते मोजायचं. मोजणीला दुसरं काय सुचणार!

काम सोपं वाटतं, पण जिवावर येतं. पाण्यात नऊ ठिकाणं ठरवलेली, त्यांतलं एक तिच्या गावासमोरचं. तिथल्या शिंपल्या काढून आणायच्या, आतलं मांस अल्कलीच्या द्रावणात विरघळवायचं, उरलेलं पाणी काचतंतूंच्या गोल कागदातून गाळायचं आणि कागद सूक्ष्मदर्शकाखाली धरून एकेक तंतू मोजायचा. संशय आला तर तापवलेली सुई टेकवायची. तंतू आक्रसला तर प्लास्टिक, नाही तर नाही. आणि या सगळ्यात एकच भीती, की मोजणाऱ्याच्याच अंगावरचं काही आत पडू नये. हवेत तंतू उडतात, कपड्यांतून झडतात. म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, बाटल्या काचेच्या, चिमटे स्टीलचे, अंगात सुती ॲप्रन. आणि टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात एक कोरी ताटली. तिच्यात फक्त ओला कागद ठेवायचा आणि काम चालेल तेवढा वेळ ती उघडी ठेवायची. हवेतून तिच्यात जे पडेल ते रोजच्या मोजणीतून वजा करायचं. सर म्हणायचे, सगळे खोटं बोलतील, कोरी ताटली बोलणार नाही.

विभागाने दिलेले ॲप्रन अर्धेमुर्धे प्लास्टिकचेच होते, म्हणून सरांनी सांगितलं, आपापला शुद्ध सुती शिवून आणा. तिने आईला फोन केला. आईने गाठोड्यातून उत्तम निळं सुती कापड काढलं आणि दोन दिवसांत असा ॲप्रन शिवला की दुकानवाल्याने हात जोडावेत. मनगटाशी बाही जरा घट्ट, कामात मध्ये येऊ नये म्हणून, आणि कडेला दुहेरी शिवण. पोरीनेही आंधळेपणाने तो अंगात घातला नाही, बरं का. कापडाचा कोपरा कापला, जाळून बघितला, पांढरी भुरभुरीत राख झाली. मग वहीत नोंद केली, 'ॲप्रन तपासला, सुती.' सरांनी ती नोंद दुसऱ्यांना दाखवली, बघा काम असं करतात म्हणून.

चार वर्षं तिने मोजलं. आणि शेवटी आकडे मांडले. आठ ठिकाणी तंतू होते ते जगात कुठल्याही खाऱ्या पाण्यात सापडतील तेवढे. नवव्या ठिकाणी, म्हणजे तिच्या स्वतःच्या गावासमोर, तिप्पट. आणि त्यांतले बहुतेक निळे. तिने पुन्हा शिंपल्या आणल्या, पुन्हा मोजल्या, आधीपेक्षा जास्त जपून. मांस तीन-तीनदा धुतलं, एकेक मातीचा कण चिमट्याने बाजूला केला. आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

निळं काय आहे गावात, असं सरांनी विचारलं. ती म्हणाली, दोर आहेत. कमरेच्या पोत्यांचे, बोटी बांधायचे, जाळ्यांचे. निळे नायलॉनचे दोर चाळीस घरांत होते. सर म्हणाले, मग शोधायचं काय राहिलं? तंतू नेमका कशाचा आहे हे सांगणारं यंत्र दुसऱ्या संस्थेत होतं, तिथे मोठी रांग होती, आणि सरांना परिषदेची तारीख गाठायची होती. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचं काम त्यांचं आणि चिखलात उतरायचं हिचं. तिने लिहून टाकलं, 'बहुधा स्थानिक दोरांमुळे.' बहुधा हा शब्द मोठा सोयीचा. लिहिणारा सुटतो आणि वाचणारा तो वाचतच नाही.

निबंध छापून आला, वर्तमानपत्राने उचलला, आणि पंधरा दिवसांत मत्स्य खात्याचा कागद गावात आला. पुढील आदेशापर्यंत तिथल्या शिंपल्या काढायला बंदी. नवव्या ठिकाणी, फक्त तिथे. शिंपल्या नेणारा टेम्पो बंद झाला. जी बायामाणसं काल मोजणीचं कौतुक सांगत होती ती म्हणायला लागली, शिकवून शहाणी केली आणि आपल्याच ताटात माती कालवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार? ती गावी गेली तेव्हा पाण्याच्या काठी दोरांचा ढीग पडला होता. बाबांनी आपला दोर सगळ्यांच्या आधी सुरीने कापून टाकला होता. लोकांना ते म्हणाले होते, पोरीने मोजलंय, पोरगी चुकत नाही.

हे वाक्य तिने काठावर ऐकलं आणि त्याचा तिला अभिमान वाटला. खरं सांगायचं तर हेच तिचं दुखणं. तिला वाईट वाटलं, रडूही आलं, पण त्याखाली कुठेतरी ताठ मान होती, की मी माझ्या माणसांनाही सोडलं नाही. खऱ्याला नातं नसतं वगैरे मोठमोठी वाक्यं तिने मैत्रिणींना ऐकवली. सांगायला काय जातं!

बाबा घरी बसले. ज्या माणसाला सरळ बसायची सवय नाही तो खुर्चीत बसला की कसा दिसतो ते बघवत नाही. एकदा ते फोनवर म्हणाले, की आपल्या शिंपलीवाल्यांच्या संघाच्या परवान्यात एक जुनं कलम आहे. पाण्याचा हक्क दरवर्षी नवा होतो तो नोंदवही बघून. अख्खं वर्ष नोंदवही कोरी गेली, एकाही पोत्याची नोंद नसली, आणि चौकशी चालू असल्याचा कुठला कागदही नसला, तर हक्क आपोआप संपतो आणि पाणी दुसऱ्या कुणालाही देता येतं. वाळूच्या पट्ट्यावर हॉटेल बांधणारे लोक बोटींच्या सहलीसाठी त्या पाण्यावर कधीचे टपून बसलेत. 'वर्ष कोरं जायला नको गं,' एवढंच ते म्हणाले. ती म्हणाली, बघते मी.

वर्षातले सात महिने असेच गेले. मग ती एका सुट्टीत घरी आली ती ॲप्रन पिशवीत घालून. उजव्या बाहीची कड मनगटाशी उसवून तिच्या दशा लोंबत होत्या. चार वर्षं तोच हात चिमटा धरून ताटल्यांवर फिरत होता, झिजणारच. दुपारची वेळ होती. आईने चष्मा लावला, बाही उलटी केली, सुई ओवली, आणि म्हणाली, तोच निळा दोरा उरलाय, तोच घालते. ती चहा पीत होती. सहज विचारावं तसं तिने विचारलं, सुतीच आहे ना?

आई हसली. 'सुती दोरा आता मिळतो कुठे? आणि मिळाला तरी मशीनवर टिकतो का, तटातट तुटतो. कापड सुती, दोरा प्लास्टिकचाच. सगळे असंच शिवतात.'

हातातला कप तिने खाली ठेवला. आईचं बोलणं पुढे चालूच होतं, कुणाच्या मुलीच्या झग्याबद्दल काहीतरी, ते तिच्या कानात शिरलं नाही. तिने मशीनच्या खणातून बोटभर दोरा तोडला, स्वयंपाकघरात जाऊन काडी लावली. टोक आक्रसलं, वितळलं आणि त्याचा काळा मणी झाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण तो कळसा असा गावालाच बुडवेल असं कुणाला वाटतं! बाहेर आईने बाही शिवून पूर्ण केली होती, त्याच दोऱ्याने, आधीपेक्षा घट्ट. तिने ॲप्रन घेतला, घडी केली, पिशवीत ठेवला. आईला काही सांगितलं नाही.

प्रयोगशाळेत तिने चार वर्षांच्या गाळणकागदांच्या ताटल्या कपाटातून काढल्या. शेजारी दोऱ्याचा पिंजलेला तंतू ठेवला. रंग तोच, जाडी तीच, तोच किंचित पीळ. त्या दुसऱ्या संस्थेत तिची एक वर्गमैत्रीण कामाला लागली होती. तिच्या हातापाया पडून यंत्रावर एक दिवस मिळवला. चार वर्षांत जे जमलं नव्हतं ते एका दिवसात झालं. निळ्या तंतूंमध्ये दोराचा नायलॉन जवळजवळ नव्हताच. सगळा शिलाईचा दोरा. तो वजा केला तर गावासमोरचा आकडा बाकीच्या आठ ठिकाणांसारखाच, जगात कुठल्याही खाऱ्या पाण्यात सापडेल तेवढा.

मग गावासमोरच्याच शिंपल्यांत तो जास्त का पडला? हे शोधायला तिला यंत्र लागलं नाही. बाकीच्या ठिकाणच्या शिंपल्या ती नियमाप्रमाणे हाताळायची आणि बाजूला ठेवायची. आपल्या गावच्या शिंपल्यांवर मात्र तास तास वाकायची. तीनदा धुवायची, पुन्हा पुन्हा तपासायची, आपल्या माणसांवर अन्याय होऊ नये म्हणून. उजवं मनगट ताटलीच्या बरोबर वर, आणि झिजलेली कड तंतू सोडत होती. जितकी जास्त काळजी घेतली तितकं जास्त पडलं. आणि कोरी ताटली बसली होती डाव्या कोपऱ्यात, हातभर लांब. ती खोटं बोलली नाही. तिला कुणी योग्य जागी ठेवलंच नव्हतं.

वर्ष संपायला पाच महिने होते. तिला तारीख पाठ होती.

ती सरांकडे गेली. कागद पुढे ठेवले, सगळं सांगितलं. सर आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते, तेच वाईट. त्यांनी शांतपणे सगळं वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि विचारलं, 'शिंपल्यांत प्लास्टिक मुळीच नाही, असं तुझं म्हणणं आहे का?'

ती म्हणाली, तसं नाही, आहे, पण सगळीकडे आहे तेवढंच.

'मग आपण खोटं काय लिहिलं?'

मग त्यांनी समजावलं. प्रबंध परीक्षकांकडे गेलाय, तोंडी परीक्षा सहा महिन्यांवर आहे. आत्ता हे बाहेर काढलं तर चार वर्षं पाण्यात, तिची आणि तिच्यामागून येणाऱ्या तिघांचीही, कारण प्रकल्पच बंद होईल. पदवी हातात पडू दे, मग सावकाश दुरुस्तीचं पत्र लिहू, पद्धतशीर. सहा महिन्यांनी काय आभाळ कोसळणार आहे? काय कोसळणार आहे ते तिला नेमकं माहीत होतं. वर्ष कोरं जाणार होतं. ते तिने सरांना सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण ती म्हणाली, बरं सर.

त्यांनी तिचा हात धरून ठेवला नव्हता. कुणी धमकी दिली नव्हती. एका पानाचं पत्र, पाकीट, तिकीट, आणि कोपऱ्यावर पोस्टाची पेटी. पाच महिन्यांत ती त्या पेटीवरून किती वेळा गेली असेल, ते मोजलं नाही.

दर रविवारी बाबांचा फोन यायचा. जेवलीस का, झोप होते का, आणि शेवटी हलकेच, 'पुढचं काही कळलं का?' ती म्हणायची, चाललंय बाबा, वेळ लागतो अशा गोष्टींना. मूग गिळून गप्प बसणंही परवडलं, ही तर मूग गिळून वर बोलत होती.

वर्ष संपायला महिना राहिला तेव्हा मोठे काका शहरात आले. म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, संघाचे अध्यक्ष, जन्मात तीनदा शहर बघितलेला माणूस. इस्त्रीचा सदरा घालून प्रयोगशाळेच्या दारात पायताण काढून उभे राहिले. तिने आत बोलावलं तरी आत येईनात, आपल्या अंगावरून काही पडायला नको तुमच्या कामात, असं म्हणाले. तिला धरणी दुभंगावी असं झालं. व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी मागणं सांगितलं. बंदी उठवून दे असं ते म्हणत नव्हते. मत्स्य खात्याच्या कचेरीतल्या कारकुनाने त्यांना सांगितलं होतं, की प्रयोगशाळेने नुसतं एवढं लिहून दिलं, की या ठिकाणची फेरतपासणी चालू आहे, तर नोंदवही उघडी राहते, वर्ष कोरं धरत नाहीत.

'दोन ओळी दे गं बाळा,' काका म्हणाले. 'खोटं लिहू नकोस. तपासतोय, एवढंच लिही.'

फेरतपासणी झालेली होती. निकाल तिच्या टेबलाच्या खणात होता, बाकापासून वीस पावलांवर. ती म्हणाली, 'काका, सरांची सही लागते.' ते खरं होतं. पण सही मागायला ती आत गेली नाही. काकांना तिने पाणी दिलं, स्टँडपर्यंत सोडलं, खिडकीजवळची जागा धरून दिली. बस हलली तेव्हा त्यांनी आतून हात वर केला, काम झाल्यासारखा.

तोंडी परीक्षा झकास झाली. बाहेरच्या परीक्षकांनी भर सभेत तिच्या काटेकोरपणाचं कौतुक केलं. स्वतःच्या ॲप्रनचं कापड जाळून तपासणारी विद्यार्थिनी मी पहिल्यांदा बघतोय, असं ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. ती हसली. पेढेबिढे आणायचं सर विसरले नाहीत. त्याच आठवड्यात तिने दुरुस्तीचं पत्र पाठवलं, सरांना न विचारता, स्वतःच्या एकटीच्या सहीने. यात शौर्य होतं असं कुणी म्हणू नये. पदवीचा कागद तोवर खणात आला होता.

नियतकालिकाने पत्र छापलं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर तीन ओळी आल्या. खात्याने बंदी उठवली, तसा शिक्क्याचा कागदही गावात आला. पण वरातीमागून घोडं. हक्क केव्हाच संपला होता आणि आतलं पाणी हॉटेलच्या बोटवाल्यांच्या नावावर चढलं होतं. शिंपल्या आता खायला चांगल्या होत्या, फक्त त्या काढायचा अधिकार चाळीस घरांत कुणाला उरला नव्हता. सरांचं काय बिघडलं? काही नाही. त्यांनी एक व्याख्यान दिलं, विज्ञान स्वतःला कसं सुधारतं या विषयावर.

ती गावी गेली ती सांगायला. पोचली तेव्हा बाबा कामावर निघायच्या तयारीत होते. बोटवाल्यांनी त्यांना रखवालदार ठेवलं होतं. पाणी ज्याला ठाऊक तोच राखेल, हा त्यांचा हिशेब. काम एवढंच, की ओहोटीला कुणी जुनी सवय म्हणून पोतं घेऊन चिखलात उतरलं तर शिटी वाजवायची आणि बाहेर काढायचं. गेल्या आठवड्यात त्यांनी मोठ्या काकांना बाहेर काढलं होतं. दोघं भाऊ तेव्हापासून बोलत नव्हते.

तिने उंबऱ्यातच सगळं सांगितलं. दोरा, बाही, डाव्या कोपऱ्यातली ताटली. पाण्यात काही नव्हतं, दोरांत काही नव्हतं, तुम्ही उगाच कापलेत. आई मशीनवर होती. तिचा पाय थांबला. मग तिला राग आला, असा की पोरीने तो कधी पाहिला नव्हता.

'एवढं शिकलीस. कापड जाळून बघितलंस. दोरा कसला घातलास आई, एवढं मला विचारलं असतंस तर मी सांगितलं नसतं?'

आईला विचारायचं असतं हे तिला चार वर्षांत सुचलं नव्हतं, खरं उत्तर तेच.

बाबांनी टोपी हातात धरलेली होती. ते चिडले नाहीत. चुका होतात, असं म्हणाले. माणूस मोजतो तिथे चुकतो, मीही चुकलो असेन, कुणी तपासायला नव्हतं म्हणून बरं. तिला वाटलं, सुटले. आणि मग त्यांनी विचारलं, 'तुला कधी कळलं?'

खोटं बोलता आलं असतं. मागच्या महिन्यात, एवढं म्हटलं असतं तर ते धरून चालले असते. ती म्हणाली, 'बाही शिवायला आले होते, तेव्हा.'

बाबांनी मान हलवली. टोपी काखेत मारली आणि डाव्या हाताचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर टेकवला. तो महिना. मग एक घर पुढे, आणखी एक, लहानपणी तिने काठावर बसून बघितलं होतं तसंच, सावकाश, ओठ न हलवता. ती बघत होती. अंगठा पाचव्या पेरावर थांबला.

'पाच महिने,' ते म्हणाले. 'पाच महिने पाणी आपलंच होतं मग.'

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, खिशातली शिटी चाचपली आणि ओहोटी सुरू झाली होती म्हणून भराभर चालत पाण्याकडे गेले.